घरच्या पूलचा क्लोरीन मोजताना: तीन किट तीन आकडे सांगतात तेव्हा काय करायचं

लोणावळा, कर्जत, अलिबाग भागात फार्महाउसला किंवा बंगल्याला लागून छोटा पूल असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. बांधून देणारा माणूस जाताना पंप, फिल्टर, ट्रायक्लोरच्या (पाण्यात हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्यांचा डबा आणि दोन बाटल्यांचं एक किट ठेवून जातो. एका बाटलीचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, दुसरीचे टाकले की लालसर. पिवळं म्हणजे क्लोरीन आहे, लाल म्हणजे पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी याचा आकडा) ठीक. शिकवणी एवढीच.

मग घरात कुणीतरी पट्ट्या आणतं, कुणी डिजिटल मीटर. एकाच वेळी काढलेल्या पाण्याला पट्टी १ म्हणते, मीटरवर २.५० येतं आणि थेंबांचं किट गर्द पिवळं होतं. अशा वेळी केअरटेकरला फोनवर काय सांगणार, क्लोरीन टाक की थांब? आमच्या घरचा पूल आम्हीच सांभाळतो, त्यामुळे या गोंधळातून जाऊन आलो आहोत. नवीन पूल घेतलेल्यांना तो टाळता यावा म्हणून हे क्रमवार लिहितो आहे. आकडे वेगळे येण्याला बहुतेक वेळा कारण असतं आणि ते कारण शोधून काढता येतं.

१. आधी ठरवा, मोजायचं काय आहे

पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो. एक मोकळा, म्हणजे फ्री क्लोरीन. जंतू मारायला हाच कामाचा. दुसरा, घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनच्या संयुगांशी जोडला गेलेला, म्हणजे कम्बाइन्ड क्लोरीन. यालाच क्लोरामाइन म्हणतात. डोळे चुरचुरणं आणि ‘स्विमिंग पूलचा वास’ बहुतेक यांच्यामुळेच. वास जास्त म्हणजे क्लोरीन जास्त, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. दोन्हींची बेरीज म्हणजे टोटल क्लोरीन.

पिवळ्या थेंबांचं किट ऑर्थोटोलिडिनवर चालतं. दुकानात त्याला ओटीओ म्हणतात. ते टोटल क्लोरीन दाखवतं. शनिवार-रविवारी घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, तर रविवारी संध्याकाळी ओटीओवर २ दिसेल आणि त्यातला मोकळा क्लोरीन जेमतेम अर्धा पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) असेल. किट खोटं बोलत नाही, पण आपल्याला हवं ते सांगतही नाही.

मोकळा क्लोरीन वेगळा मोजायचा तर डीपीडी नावाचं रसायन लागतं. त्याने पाणी गुलाबी होतं.

किती हवा, याला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं घरगुती पूलसाठीचं मार्गदर्शन आधाराला धरता येतं: मोकळा क्लोरीन किमान १ पीपीएम, पाण्यात स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) असेल तर किमान २, आणि पीएच ७.० ते ७.८. पीएचचा संबंध थेट आहे. पीएच ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोरकस रूपात असतो. ८ ला तो पाव भागाच्या आसपास येतो. म्हणून क्लोरीनच्या आकड्याशेजारी पीएच लिहिलेला नसेल तर तो आकडा अर्धवट समजा.

२. किट निवडा

*ओटीओ थेंब.* स्वस्त, सगळीकडे मिळणारे. क्लोरीन ‘आहे की नाही’ एवढ्यापुरतेच वापरा. द्रावण आम्लात असतं आणि ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, तेव्हा बोटांना लावून घेऊ नका आणि चाचणीचं पाणी पूलमध्ये ओतू नका. (हा नियम सगळ्याच किटना लावा.)

*पट्ट्या.* सोप्या, पण रंगांचे टप्पे ०, १, ३, ५, १० असे मोठे असतात. मधलं सगळं अंदाजाने. कोकणातल्या पावसाळ्यात डब्याचं झाकण दोन-चार वेळा सैल राहिलं तरी उरलेल्या पट्ट्या दमट होऊन बिघडतात. ओल्या हाताने डब्यात बोट घालणं हे तर हमखास होतं.

*डीपीडी गोळ्या किंवा थेंब, रंग जुळवायच्या डबीसह.* लोव्हिबाँड, पॅलिनटेस्ट अशांचे पूल टेस्टर या प्रकारातले. घरच्या पूलला सुरुवात करायला हे योग्य.

*फोटोमीटर.* रंग डोळ्यांऐवजी यंत्र वाचतं. पण यंत्र किती पीपीएमपर्यंत मोजतं ते घेण्याआधी बघा. हॅना कंपनीचा खिशात मावणारा एचआय ७०१ हा मीटर ०.०० ते २.५० पीपीएम एवढंच मोजतो. त्या मर्यादेत तो चांगला आहे: कंपनीने दिलेली अचूकता ±०.०३ पीपीएम आणि वाचनाच्या ±३ टक्के. पण तुमच्या पूलमध्ये ४ पीपीएम असेल तर पडद्यावरचं लुकलुकणारं २.५० म्हणजे ‘माझ्या पलीकडचं आहे’ असा इशारा. तो आकडा म्हणून वहीत लिहायचा नाही.

*एफएएस-डीपीडी.* माझी शिफारस हीच. यात रंगाची छटा जुळवायची नसते. पावडर टाकून पाणी गुलाबी करायचं आणि गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत थेंब मोजायचे. १० मिलि पाणी घेतलं तर एक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम, २५ मिलि घेतलं तर एक थेंब म्हणजे ०.२. टेलर कंपनीचं के-२००६ हे या प्रकारातलं नावाजलेलं किट. मिळवायला थोडी शोधाशोध करावी लागते, पण छटेवरून होणारे घरातले वाद संपतात.

३. सामान जमवा

- वर सांगितलेलं एक मुख्य किट आणि त्याच्या रीएजंटची (चाचणीच्या रसायनाची) मुदत तपासून घेतलेली
- स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक आम्ल, मोजायची चाचणी
- रुंद तोंडाची, झाकणाची स्वच्छ प्लास्टिकची बाटली
- दोन वेगळ्या नळ्या: एक फक्त फ्री क्लोरीनसाठी, एक टोटलसाठी (कारण पाचव्या पायरीत)
- धागे न सुटणारं मऊ फडकं, पांढरा कागद, डिस्टिल्ड वॉटर
- एक वही, आणि किट ठेवायला घरातला अंधारा, कोरडा कप्पा

पंपरूममध्ये किट ठेवू नका. तिथे उकाडा असतो आणि ट्रायक्लोर व आम्लाच्या वाफा रीएजंट खराब करतात. डीपीडीची द्रव बाटली तपकिरी पडली असेल तर मुदत काहीही लिहिलेली असो, टाकून द्या.

४. पाणी नीट काढा

अर्धे घोळ इथेच होतात. बाटली उलटी धरून कोपरापर्यंत हात बुडवा, साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर खोल, आणि तिथे सुलटी करा. वरच्या थरातलं पाणी घेऊ नका. तिथे ऊन आणि तेलकटपणा दोन्ही असतं. फिल्टरचं पाणी परत येतं त्या तोंडाजवळून, स्किमरजवळून (वरचा कचरा ओढून घेणारं तोंड) किंवा तरंगत्या गोळ्यांच्या डब्याजवळून घेऊ नका. क्लोरीन टाकल्यावर लगेच मोजू नका; पंप काही तास चालून पाणी सगळीकडे सारखं मिसळू द्या.

वेळ रोज एकच ठेवा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातला क्लोरीन एप्रिल-मेच्या दुपारी तास-दोन तासांत बहुतेक उडून जातो. बुधवारी सकाळी घेतलेला आकडा आणि शनिवारी दुपारी तीनचा आकडा शेजारी ठेवले तर काहीच कळणार नाही. मी सूर्य मावळल्यावरची वेळ धरतो, कारण त्यानंतर टाकलेला क्लोरीन रात्रभर टिकतो. रंग मात्र घरात नेऊन चांगल्या पांढऱ्या उजेडात वाचावा लागतो. फक्त रंग जुळवायचं किट असेल तर सकाळ जास्त सोयीची.

पाणी काढलं की काही मिनिटांत चाचणी. बाटली उन्हात ठेवून चहाला गेलात तर पुन्हा भरा.

५. डीपीडी चाचणी: पायरी पायरीने

१) नळी पूलच्याच पाण्याने दोनदा विसळा. साबण नको.

२) गोळीचं किट असेल तर तळाशी थोडंसं पाणी ठेवून डीपीडी १ ची गोळी पाकिटातून थेट आत टाका. बोट लावू नका. ती त्या थोड्या पाण्यात नीट फुटू द्या.

३) आता खुणेपर्यंत पाणी भरा. नळी डोळ्यांच्या रेषेत आणा. पाण्याचा मधला, खाली झुकलेला भाग खुणेवर हवा. १० मिलिच्या जागी ९ घेतलं तर आकडा तेवढ्या प्रमाणात चुकतो.

४) ढवळा आणि लगेच वाचा. थांबलात तर कम्बाइन्ड क्लोरीनही हळूहळू रंग देऊ लागतो आणि फ्रीचा आकडा फुगतो.

५) त्याच पाण्यात डीपीडी ३ ची गोळी टाका, दोन मिनिटं थांबा, वाचा. हा टोटल. टोटलमधून फ्री वजा केला की कम्बाइन्ड.

इथे एक सापळा आहे आणि त्याबद्दल किटच्या कागदावर क्वचितच ठळक लिहिलेलं असतं. डीपीडी ३ मध्ये आयोडाइड असतं. त्याचा अंश जरी नळीत राहिला तरी पुढच्या वेळी फ्री क्लोरीन मोजताना कम्बाइन्डही लगेच रंग देतो, म्हणजे तुमचा ‘फ्री’ मुळात टोटल होतो. चिमूटभर विरजण पातेल्याला लागून राहिलं की पुढचं दूध आपोआप लागतं, तसंच हे. म्हणून दोन नळ्या वेगळ्या ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी खूप पाण्याने धुवा, झाकण आणि ढवळायची कांडीसुद्धा.

गोळ्या विकत घेताना पाकिटावर ‘फोटोमीटर’ लिहिलंय की ‘रॅपिड’ ते बघा. रंग जुळवायच्या डबीसाठीच्या रॅपिड गोळ्या मीटरमध्ये वापरल्या तर न विरघळलेले कण प्रकाश अडवतात आणि मीटर चुकतो.

थेंबांच्या किटमध्ये बाटली सरळ उभी, तोंड खाली करून धरा. तिरकी धरली की थेंबांचा आकार बदलतो. बाटलीचं टोक कोरड्या फडक्याने पुसल्यावर त्यावर स्थिर वीज साठते आणि थेंब लहान पडतात. मग जास्त थेंब लागतात आणि क्लोरीन जास्त ‘दिसतो’. टोक ओलसर फडक्याने पुसा. एफएएस-डीपीडीमध्ये प्रत्येक थेंबानंतर हलवा, रंग पूर्ण गेला की थांबा. नंतर पाणी पुन्हा हलकं गुलाबी झालं तर त्याकडे लक्ष देऊ नका.

६. रंग वाचताना

मागे पांढरा कागद, वर मोकळं आकाश, पण नळीवर थेट ऊन नको. गॉगल काढा. पिवळ्या बल्बखाली गुलाबी छटा ओळखता येत नाही. लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट न दिसण्याची अडचण पुरुषांत बायकांपेक्षा बरीच जास्त आढळते आणि अनेकांना ती स्वतःलाच ठाऊक नसते. घरात दोघांचं वाचन सतत वेगळं येत असेल तर याचाही विचार करा.

आणि फोटोवरून वाचू नका. केअरटेकरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत मोबाइलने रंग आपल्या मनाने सुधारलेले असतात. त्याला वाचायला शिकवा. आकडा तोच सांगेल. फोटो मागायचाच तर मीटरच्या पडद्याचा मागा.

मीटर वापरताना नळी बाहेरून पूर्ण कोरडी करा, बोटांचे ठसे पुसा, आतले बुडबुडे नळी टिचकीने झटकून घालवा. शून्य करताना आणि वाचताना नळीवरची खूण एकाच बाजूला हवी. ओरखडे पडलेली नळी बदला.

७. आपल्या किटचा हेलकावा शोधा

नवं किट आणलं की हे एकदा कराच. एका मोठ्या बाटलीत पाणी घ्या, सावलीत बसा आणि त्याच पाण्याची चाचणी लागोपाठ तीन-चारदा करा. मग दुसऱ्या माणसाला, त्याने तुमचे आकडे न पाहता, करायला सांगा. समजा १.५, २, २, १.५ आलं. म्हणजे तुमच्या हातात हे किट अर्ध्या पीपीएमने मागेपुढे होतं. आता काल २ होता आणि आज १.५ आला, तर क्लोरीन उतरला असं म्हणता येणार नाही. १ वर आला तर म्हणता येईल.

वजाबाकीत हा हेलकावा आणखी वाढतो. फ्रीमध्ये अर्ध्याची चूक, टोटलमध्ये अर्ध्याची चूक, आणि दोन्ही उलट बाजूला गेल्या तर कम्बाइन्डमध्ये १ पीपीएमची चूक. कम्बाइन्ड ०.४ च्या आत असावा अशी अपेक्षा असते, तेव्हा रंग जुळवायच्या डबीवर तो मोजायचा हट्ट व्यर्थ आहे. एफएएस-डीपीडीमध्ये तो वजाबाकीशिवाय, त्याच नळीत पुढचे थेंब मोजून मिळतो. हे किट घ्या म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

८. किटची उलटतपासणी

किट सातत्याने एकच आकडा देतं, पण तो बरोबर कशावरून? घरी करण्यासारखी एक पडताळणी आहे. पूलचं पाणी किती ते काढा. १० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२५ मीटर खोल म्हणजे ५०,००० लिटर. यात १ पीपीएम वाढवायला ५० ग्रॅम क्लोरीन लागतो: १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव क्लोरीन) साधारण अर्धा लिटर. सूर्य मावळल्यावर मोजा, एक लिटर हायपो टाका, पंप चालू ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा मोजा. पाणी स्वच्छ असेल तर २ च्या जवळपास वाढ दिसायला हवी.

वाढ निम्मीच आली तर लगेच किटला दोष देऊ नका. हायपो उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये झपाट्याने कमकुवत होतं, त्यामुळे ताज्या कॅनने पुन्हा करून बघा. तरीही तेच आलं, तर रात्रीची घट तपासा: झोपण्यापूर्वी मोजा, सकाळी ऊन पडण्याआधी मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली तर क्लोरीन शेवाळ किंवा घाणीने खाल्ला आहे.

हे करताना एक लक्षात असू द्या: हायपो, ब्लीचिंग पावडर आणि ट्रायक्लोर एकमेकांत कधीही मिसळू नका, एकच माप सगळ्यांना वापरू नका. आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. हायपो आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.

९. फसवणारे आकडे

*शून्य, पण शून्य नाही.* क्लोरीन खूप जास्त, साधारण १० पीपीएमच्या वर गेला की तोच डीपीडीचा गुलाबी रंग उडवून टाकतो. नळी पांढरी दिसते आणि माणूस आणखी क्लोरीन ओततो. रीएजंट पडताच गुलाबी झळक येऊन गेली का ते बघा. शंका असेल तर पूलचं पाणी एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर चार भाग घेऊन पुन्हा चाचणी करा आणि आकड्याला ५ ने गुणा. चूकही ५ ने गुणली जाते, तेव्हा उत्तर ढोबळच धरायचं.

*जांभळा पीएच.* क्लोरीन फार वर असताना फिनॉल रेडही (पीएचच्या थेंबांतला लाल रंग) बदलतो आणि पीएच आहे त्यापेक्षा खूप जास्त दिसतो. आधी क्लोरीन उतरू द्या, मग पीएच मोजा आणि आम्लाचा विचार करा.

*न उतरणारा क्लोरीन.* बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात मँगनीज असेल तर क्लोरीनमुळे त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि तेही डीपीडीला गुलाबी करतं. क्लोरीन न टाकता, भर उन्हात, दिवसेंदिवस आकडा तसाच राहतोय आणि पाण्याला तपकिरी झाक आहे, तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

१०. स्टॅबिलायझर मोजल्याशिवाय क्लोरीनच्या आकड्याला अर्थ नाही

ट्रायक्लोर वापरणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा. ट्रायक्लोर १० पीपीएम क्लोरीन देतं तेव्हा सोबत साधारण ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात सोडतं. क्लोरीन खर्च होतो, हे आम्ल राहतं. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांतूनच येत असेल, तर महिन्याला सुमारे ३६ पीपीएम साचतं. पाणी बदललं नाही तर तीन महिन्यांत शंभरी ओलांडते.

हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण धरूनही ठेवतं. आणि डीपीडी त्या धरून ठेवलेल्या क्लोरीनलाही ‘फ्री’ म्हणूनच मोजतं. म्हणजे सायन्युरिक ३० असतानाचे २ पीपीएम आणि १२० असतानाचे २ पीपीएम किटवर हुबेहूब सारखे दिसतात, पण दुसऱ्या पूलमध्ये शेवाळ धरतं. ‘क्लोरीन बरोबर येतोय तरी पाणी हिरवं’ या तक्रारीमागे फार वेळा हेच निघतं. घरगुती पूल सांभाळणाऱ्यांमध्ये रूढ ठोकताळा असा: मोकळा क्लोरीन सायन्युरिकच्या किमान ७.५ टक्के. सायन्युरिक ४० असेल तर ३, १०० असेल तर ७.५.

मोजायची पद्धत म्हणजे पाण्यात रीएजंट घालून ते दुधाळ करायचं आणि नळीत ओतत जायचं. तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की पातळी वाचायची. ही चाचणी मुळातच ढोबळ आहे, १०-१५ पीपीएमचा फरक सहज पडतो. बाहेरच्या उजेडात, सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून करा. ठिपक्याकडे टक लावून बसलात तर तो दिसतच राहतो. नजर टाका, काढा, पुन्हा टाका. महिन्यातून एकदा पुरे. आकडा वर गेला की उपाय एकच, थोडं पाणी काढून नवं भरणं. कोकणात पावसाळ्यात ओव्हरफ्लोमधून हे काही प्रमाणात आपोआप होतं, म्हणून सप्टेंबरअखेरीस पुन्हा मोजून घ्या.

११. वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, कोणी मोजलं, कोणतं किट, फ्री, टोटल, पीएच, किती माणसं पोहली, काय आणि किती टाकलं. किट बदललं तर आठवडाभर जुनं-नवं दोन्ही एकाच पाण्यावर चालवा आणि दोन्ही आकडे लिहा, म्हणजे त्यांच्यातला कायमचा फरक कळेल. निर्णय एका विचित्र आकड्यावर घेऊ नका: नवं पाणी काढून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा किमान पातळीच्या खाली आला तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

१२. पाणी तपासायला शहरात पाठवत असाल तर

बाटलीतून मुंबईला किंवा पुण्याला पोहोचेपर्यंत मोकळा क्लोरीन बराचसा गेलेला असतो, त्यामुळे अहवालातल्या त्या ओळीवर विसंबू नका. तो पूलच्या काठावरच मोजा आणि आकडा बाटलीवर लिहून पाठवा. हार्डनेस, अल्कलिनिटी, सायन्युरिक, लोह आणि मँगनीज यांसाठी मात्र प्रयोगशाळा उपयोगाची आहे. बाटली तोंडापर्यंत भरा, हवा राहू देऊ नका, आणि जंतूंची तपासणी हवी असेल तर प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली मागवा. तिच्यात क्लोरीन मारण्यासाठी थायोसल्फेट घातलेलं असतं, तेव्हा ती विसळायची नाही.